अंगणातल्या निसर्गाचे पुस्तक : इयत्ता कोणती, वेळ किती?

घराच्या मागेपुढे जी काही चार हात जागा असते तिथली माती, पाणी, झाडे, पाखरे आणि किडे कसे जपावेत हे सांगणाऱ्या मुलांच्या पुस्तकांविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यानंतर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत दोनच गोष्टी फिरून फिरून विचारल्या आहेत : असे पुस्तक कोणत्या इयत्तेच्या मुलाला झेपेल, आणि ते वाचायला किती वेळ लागेल. त्यांपैकी पाच पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : शाळेच्या वाचनालयात परसबागेतील संवर्धनावरचे एक अनुवादित पुस्तक आले आहे. मलपृष्ठावर ‘वयोगट ९ ते १२’ असे छापले आहे. माझ्या चौथीच्या वर्गातील चांगली वाचणारी मुलेही दुसऱ्या पानावर अडतात. याच पुस्तकातले गांडुळांचे प्रकरण मात्र तिसरीतला मुलगा घडाघडा वाचतो. मजकुराची वाचनपातळी सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या एका साधनात मी दोन्ही पाने टाकून पाहिली, तर दोन्ही पदवीच्या पुढची निघाली. नेमके काय समजावे? दोन्ही पानांवरची एकेक वाक्ये सोबत पाठवत आहे.
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : आधी त्या साधनाविषयी. अशी बरीच साधने ज्या फ्लेश-किंकेड सूत्रावर चालतात, ते इंग्रजीसाठी तयार झालेले आहे. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये मूळ सूत्र मांडले आणि अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षण पुस्तिका भरती झालेल्या जवानांना कितपत समजतील हे पाहण्यासाठी १९७५ मध्ये किंकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला शालेय इयत्तेचे रूप दिले. वाक्यात सरासरी जितके शब्द असतील त्यांना ०.३९ ने गुणायचे, शब्दात सरासरी जितके उच्चारखंड (‘पाणी’मध्ये दोन, ‘आजीने’मध्ये तीन) असतील त्यांना ११.८ ने गुणायचे, दोहोंच्या बेरजेतून १५.५९ वजा करायचे, आणि जे उरेल ती इयत्ता. आता ‘आजीने अंगणातल्या तुळशीला पाणी घातले’ हे वाक्य घ्या. शब्द पाच, उच्चारखंड चौदा, म्हणजे शब्दामागे २.८. हिशेब मांडला की उत्तर १९.४ येते. अमेरिकेतील शाळा बारावीला संपते, म्हणजे या सूत्राच्या मते हे वाक्य समजायला पदव्युत्तर शिक्षणही पुरेल की नाही याची शंका आहे. आणि तुमच्या शाळेतील पहिलीच्या मुलाला ते एकदा ऐकून समजते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘अंगणातल्या झाडाखाली’ हे दोन शब्दांत सांगून होते, ज्यासाठी इंग्रजीला सुटे सहा शब्द लागतात. लांब शब्द म्हणजे अवघड शब्द हे गृहीतक तिकडे बऱ्याच अंशी चालते, आपल्याकडे चालत नाही. तो आकडा मनातून काढून टाका. वयोगटाचेही तसेच आहे : अनुवादित पुस्तकांवर मूळ आवृत्तीचाच वयोगट जसाच्या तसा उतरवलेला पुष्कळदा दिसतो.

आता तुम्ही पाठवलेली दोन वाक्ये पाहू. दुसऱ्या पानावरचे असे : ‘आपल्या परिसरातील स्थानिक वनस्पती परागीभवन करणाऱ्या कीटकांना अधिवास आणि अन्न उपलब्ध करून देतात.’ गांडुळांच्या प्रकरणातले असे : ‘गांडूळ पालापाचोळा खाते, माती पोकळ करते आणि त्याची विष्ठा हेच झाडाचे खत होते.’ दोन्ही वाक्यांत तेरा-तेरा शब्द आहेत. तरी पहिल्याशी चौथीचे मूल अडते आणि दुसरे तिसरीतले मूल वाचते, याचे कारण दुसऱ्या वाक्यात क्रियापदे तीन आहेत, प्रत्येक क्रियापद ज्याविषयी आहे ते शब्द त्याच्या जवळच उभे आहेत, आणि ‘विष्ठा’ सोडला तर एकही शब्द त्या मुलाच्या घरात न बोलला जाणारा नाही. पहिल्या वाक्यात क्रियापद अगदी शेवटी येते आणि तोपर्यंत वनस्पती, कीटक, अधिवास, अन्न एवढे सगळे मुलाला हातात धरून ठेवावे लागते. हेच वाक्य ‘आपल्याकडची झाडे मधमाश्यांना आणि फुलपाखरांना राहायला जागा देतात, खायला देतात, आणि हे किडे एका फुलावरचे पराग दुसऱ्या फुलावर नेतात’ असे लिहिले असते तर शब्द वाढले असते, पण चौथीतले मूल अडले नसते.

एक अनुभव सांगतो. परभणीला मुलांच्या वाचनवर्गात एक मुलगा ‘पक्ष्यांचा अधिवास’ या शब्दांपाशी थांबला आणि त्याने विचारले, की पक्ष्यांनाही अधिवास प्रमाणपत्र काढावे लागते का. त्याच्या घरी मोठ्या बहिणीच्या प्रवेशासाठी त्या आठवड्यात वय-अधिवासाच्या दाखल्याची धावपळ चालू होती. शब्द त्याने अचूक वाचला होता, जोडाक्षर नव्हते, उच्चारही चोख होता. अर्थ मात्र तहसीलमधला लागला होता. मुलाने किती शब्द बिनचूक वाचले एवढेच मोजले असते तर ही अडचण कधी कळलीच नसती, म्हणून पातळी ठरवताना दोन अडखळणी वेगळी नोंदवावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे : एक अक्षराची, जिथे ‘वैशिष्ट्यपूर्ण’ किंवा ‘मृद्‌संधारण’ तोंडातून निघत नाही, आणि दुसरी अर्थाची, जिथे शब्द सहज निघतो पण डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. अक्षराची अडखळ सरावाने जाते. अर्थाची जायला वस्तू दाखवावी लागते.

करून पाहण्याची रीत सोपी आहे. पुस्तकाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे शंभर-शंभर शब्दांचे तीन उतारे घ्या, मुलाकडून प्रकटवाचन करून घ्या आणि दोन्ही प्रकारच्या अडखळणींवर पेन्सिलीने खुणा करा. शंभरात पाचापर्यंत अडखळणी असतील तर ते प्रकरण मूल एकटे वाचू शकेल. पाच ते दहा असतील तर तुम्ही शेजारी बसून. आणि दहाच्या वर गेल्या तर ते प्रकरण तुम्ही वाचावे आणि मुलांनी ऐकावे. उतारा संपल्यावर ‘यात काय सांगितले?’ एवढाच प्रश्न विचारा. मूल पुस्तकातलेच वाक्य परत म्हणून दाखवत असेल तर त्याला समजलेले नाही. ‘आमच्या शेवग्याखाली असंच असतं’ असे काही म्हणाले तर समजले आहे. शब्द इयत्तेला धरून आहे की नाही याची शंका आली तर बालभारतीचे पुस्तक हाताशी आहेच. तिसरी ते पाचवीच्या ‘परिसर अभ्यास’मध्ये जो शब्द समजावून दिलेला आहे तो चौथी-पाचवीच्या मुलांकडून अपेक्षावा, जो सहावीनंतरच्या ‘सामान्य विज्ञान’मध्ये प्रथम येतो त्याला आधी तोंडी ओळख करून द्यावी.

तुमच्या पुस्तकात आणखी एक अडचण आहे, आणि ती भाषेची नाही. त्यातले फुलपाखरांचे प्रकरण मोनार्क नावाच्या अमेरिकेतील फुलपाखरावर आणि तिकडच्या एका चिकाच्या झाडावर आहे. मुले ते अडखळण्याविना वाचतील आणि त्यांच्या हाती काही लागणार नाही. वास्तविक ते झाड आपल्या रुईच्याच कुळातले, आणि मोनार्कचा सख्खा म्हणावा असा भाऊबंद आपल्याकडे रुईवर वाढतो : बिबळ्या कडवा. मारुतीच्या देवळाजवळ, गावाबाहेरच्या माळावर, शाळेच्या कुंपणाला रुई असतेच. पावसाळा मध्यावर आला की तिची पाने उलटून पाहा. पानाच्या खालच्या बाजूस एकेक सुटे, पांढरट अंडे दिसेल. पट्ट्यापट्ट्यांची अळी दिसेल आणि तिच्या पाठीवर काळ्या लवचीक शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या दिसतील. मोनार्कच्या अळीला अशा दोनच जोड्या असतात. पुस्तकातल्या चित्रातली शिंगे आणि रुईवरच्या अळीची शिंगे मुलांनी मोजून ताडून पाहिली, तर परक्या देशावरचे ते प्रकरण त्यांचे होते. रुईच्या चिकातले विषारी द्रव्य अळी अंगात साठवते, म्हणून पाखरे तिच्या आणि पुढे फुलपाखराच्याही वाटेला जात नाहीत. मोनार्कविषयी पुस्तकात नेमके हेच लिहिले आहे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात धुवावेत, एवढी ताकीद मात्र आधी द्यावी.

तेव्हा या पुस्तकाला एकच इयत्ता देऊ नका. गांडुळांचे प्रकरण तिसरीला, पाण्याचे आणि खताचे चौथी-पाचवीला, प्रस्तावना आणि ‘परिसंस्था’ हे शेवटचे प्रकरण सातवीला किंवा तुमच्या तोंडून, अशी चिठ्ठी आतल्या पानावर चिकटवली तर पुढच्या शिक्षकांनाही उपयोग होईल.

प्रश्न : याच प्रकारच्या एका पुस्तकावर ‘वाचनवेळ : दीड तास’ असे छापलेले आहे. माझी मुलगी पाचवीत आहे. तिला ते पुस्तक पुरे करायला दीड महिना लागला. ती वाचनात मागे आहे का? पुस्तक ९६ पानांचे आहे. पूर्ण मजकुराच्या पानावर २४ ओळी आणि ओळीत साधारण ९ शब्द आहेत.
— एक पालक, जालना

उत्तर : मागे मुळीच नाही. दीड तास आला कुठून ते आधी पाहू. चोवीस ओळी गुणिले नऊ शब्द म्हणजे पानाला २१६ शब्द. अशा पुस्तकात साधारण ६२ पाने भरगच्च मजकुराची, २४ पाने अर्ध्या चित्रांची, ज्यांवर शंभरेक शब्द असतात, आणि उरलेली शीर्षक, अनुक्रमणिका वगैरेंची असे धरले, तर एकूण शब्द १६ हजारांच्या आसपास जातात. ते दीड तासात संपवायचे तर मिनिटाला जवळपास १८० शब्द मनातल्या मनात वाचावे लागतील. हा प्रौढ, सराईत वाचकाच्या मूकवाचनाचा वेग झाला. इंग्रजीत प्रौढांचा माहितीपर मजकूर वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द धरतात, पण वर म्हटल्याप्रमाणे आपला एक शब्द त्यांच्या दोन-तीन शब्दांचे काम करतो, त्यामुळे तो आकडा मराठीला लावणे म्हणजे क्विंटलच्या मापाने तोळे मोजणे होय. मुलांचा वेग वेगळाच असतो. केंद्र शासनाच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या वेगाने १६ हजार शब्दांना साडेचार तास लागतात. पाचवीची मुलगी मिनिटाला शंभर वाचत असेल तरी दोन तास चाळीस मिनिटे. तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवलेत आणि मध्ये मध्ये थांबलात तर दोन तासांच्या वर सहज जातील. वीस-वीस मिनिटांच्या बैठका धरल्या तर पाचवीच्या मुलीच्या आठ बैठका, तिसरीतल्या मुलाच्या तेरा-चौदा. घरी वेळेचा अंदाज बांधायला एवढा हिशेब पुरतो.

आता उरलेल्या सव्वा महिन्याविषयी. तुम्ही पत्रात लिहिले आहे की ‘छतावरचे पाणी’ या पानावर ती चार दिवस होती आणि मध्येच टेप घेऊन गच्चीवर गेली होती. त्या पानावर साधारण दोनशे शब्द असतील, म्हणजे दोन मिनिटांचे वाचन. पण पान सांगते काय, तर एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, आता आपल्या छताचे काढा. वीस फूट बाय पंचवीस फुटांचा स्लॅब म्हणजे ५०० चौरस फूट, सुमारे ४६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ३२ हजार लिटर. उडून, सांडून, पहिल्या धुवणीच्या पाण्यात जाणारे वीस टक्के सोडले तरी पंचवीस हजारांच्या वर लिटर. दहा हजार लिटरचे अडीच टँकर! ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या मुलीने हा आकडा स्वतःच्या हाताने काढला असेल, आणि मग आजोळच्या माळवदाचे गणित वेगळे का येते, तिथे मातीच पाणी पिते म्हणून का, असे विचारले असेल, तर ते चार दिवस वाचनातच धरायला हवेत. या पुस्तकात वाचून सोडून द्यायची पाने थोडी असतात. ‘पाऊस मोजा’ हे पान एक मिनिटाचे आहे आणि पुरे व्हायला मृगापासून परतीच्या पावसापर्यंत थांबावे लागते. प्रकाशकांनी वाचनवेळ छापताना वाचायचा वेळ आणि करून पाहायचा वेळ वेगळा छापावा, असे मला मनापासून वाटते; एकच आकडा छापल्याने तुमच्यासारख्या काळजी घेणाऱ्या पालकांना नसती चिंता लागते.

हे पुस्तक पहिल्या पानापासून सरळ वाचावे असेही नाही. आपल्याकडे ते महिन्यांच्या क्रमाने वाचलेले बरे. पाणी साठवण्याचे प्रकरण वैशाखात, म्हणजे पन्हाळी साफ करायला आणि पाइप बसवायला मृगाआधी पंधरा दिवस मिळतात. झाडे लावण्याचे आर्द्रात, जमिनीत ओल उतरल्यावर. फुलपाखरांचे श्रावण ते आश्विन. कढीपत्त्यावर आणि लिंबावर त्या दिवसांत पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडते, तीच पुढे हिरवी होते, हे पुस्तकात वाचून पटत नाही आणि झाडावर पाहिले की विसरत नाही. खताचे प्रकरण माघ-फाल्गुनात, कारण कडुनिंबाची पाने तेव्हा अंगणभर पडतात आणि बहुतेक घरांत ती पेटवून दिली जातात. पाखरांसाठी उथळ भांड्यात पाणी ठेवण्याचे चैत्रात. असे वाचले तर दीड तासाचे पुस्तक वर्षभर पुरते, आणि पाचवीच्या मुलीला पुरवून पुरवून वाचायला हरकत नाही.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शिकवण्या आणि सराव परीक्षांतून त्याने असले पुस्तक वाचण्यात वेळ घालवावा का? वाचायचेच तर रोज किती मिनिटे?
— एक पालक, लातूर

उत्तर : रोज पंधरा मिनिटे, रात्री जेवणानंतर, आणि त्यावर प्रश्न न विचारता. नववीच्या मुलाला हे पुस्तक आठ-दहा दिवसांत संपेल, कारण भाषा त्याच्यासाठी सोपी आहे. त्याला विज्ञानाच्या पुस्तकातल्या अन्नसाखळीचा आणि विघटनाचा संबंध आपोआप लागेल. तो लागावा म्हणून वहीत टिपणे काढायला मात्र लावू नका.

प्रश्न : आमच्या शाळेतील निम्म्याहून अधिक मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्यानंतर परततात. परत आल्यावर त्यांचे वाचन मागे पडलेले असते. कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीत, त्यांना अंगण नसते, परस नसते. अशा मुलांना हे पुस्तक द्यावे का? दिले तर वेळ कसा बसवावा?
— एक शिक्षक, केज तालुका

उत्तर : जरूर द्यावे, आणि वर जालन्याच्या पालकांना सांगितलेला महिन्यांचा क्रम तुमच्यासाठी बदलावा. शाळा जूनच्या मध्यावर भरते आणि दिवाळीपर्यंत साधारण अठरा आठवडे मिळतात. आठवड्याला पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली तरी साडेदहा तास होतात. सोळा हजार शब्दांचे पुस्तक मिनिटाला साठच्या वेगाने साडेचार तासांचे आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ करून पाहायला उरतो. तेव्हा वेळ पुरेसा आहे. फक्त माघाची वाट पाहत बसू नये. खताचे प्रकरण आश्विनातच घ्या. कडुनिंबाची पाने तेव्हा नसतील, पण सोयाबीन निघालेले असते, भुसकट हवे तेवढे मिळते, खुरपणीचे तण असते, शाळेच्या पोषण आहाराच्या भाजीची देठे-साले असतात. तीन भाग कोरडे, एक भाग ओले, मूठभर शेणाची स्लरी. आणि ओल एवढीच ठेवायची की मुठीत दाबले तर पिळलेल्या फडक्यासारखे ओलसर लागावे, पाणी गळू नये. गाजरगवत घालायचे असेल तर फुलावर येण्याआधी उपटलेलेच घाला, नाही तर खताबरोबर बीही पसरते.

मुले निघण्याच्या आठवड्यात प्रत्येकाला दोन लहान प्रकरणे स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवू द्या : एक गांडुळांचे, एक पाखरांचे. अनुलेखनाने अक्षर बसते आणि वही कोपीवर जाते. ही दोन प्रकरणे निवडण्याचे कारण असे, की त्यांना अंगण लागत नाही. उसाच्या फडात आणि पाटाच्या कडेला ओल्या मातीत गांडुळे असतात. तोडणी चालू असताना उडणारे किडे टिपायला कोतवाल आणि वेडे राघू येतात, पाणी दिलेल्या रानात बगळे उतरतात. ‘आज कोणते पाखरू पाहिले’ एवढी एक ओळ रोज लिहायला सांगा. काही मुले लिहिणार नाहीत. पहाटे उठून, लहान भावंडाला सांभाळून, दिवसभर फडात राहिलेल्या मुलाकडून ती अपेक्षा धरून त्याला बोल लावू नये. जी मुले गावात हंगामी वसतिगृहात राहतात त्यांच्याकडे खताच्या ढिगाची जबाबदारी द्या : आठवड्याला एकदा खालीवर करणे, पाणी शिंपडणे, हात घालून आतली ऊब पाहणे आणि तारीख टाकून दोन वाक्ये लिहिणे.

पाडव्यानंतर मुले परतली की लगेच वेग मोजायला बसू नका. चार-पाच महिने पुस्तक हातात नसेल तर साठ शब्दांवर गेलेले मूल चाळीसवर येते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता. पहिल्या आठवड्यात तेच गांडुळांचे प्रकरण पुन्हा वाचायला द्या, जे त्यांना पाठ झाल्यासारखे येते. ओळखीच्या मजकुरावर वेग लवकर परत येतो. दुसऱ्या आठवड्यात वसतिगृहातल्या मुलांनी लिहिलेली खताची वही, परतलेल्या मुलांनी मोठ्याने वाचावी. ती भाषा त्यांच्याच वर्गातली असते, वाक्ये सहा-सात शब्दांची असतात, आणि वाचून झाल्यावर ढीग प्रत्यक्ष उकरून पाहता येतो. तिसऱ्या आठवड्यात नवे प्रकरण.

आणखी एक. तांड्यावरून येणाऱ्या मुलांची घरची बोली गोरबोली (बंजारा बोली) असेल तर झाडांची आणि पाखरांची त्यांच्या बोलीतली नावे आधी फळ्यावर लिहून घ्या, शेजारी पुस्तकातले नाव लिहा. या मुलांना वस्तू उत्तम माहीत असते, नाव तेवढे वेगळे असते. ते जोडून दिले नाही तर आपण त्यांची पातळी विनाकारण दोन इयत्ता खाली लावतो.

प्रश्न : आमच्या बचत गटातील काही बायका साक्षरता वर्गात नुकत्याच वाचायला शिकल्या आहेत. परसबागेच्या पुस्तकाची भाषा त्यांना जमेल असे वाटते, पण वर ‘वय १० ते १२’ लिहिले आहे. त्यांना वाईट वाटेल का? आणि आठवड्यातून एकदा बसून किती दिवसांत होईल?
— एक गटसचिव, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : वाईट वाटू शकते, आणि ते वाटणे रास्त आहे. ज्या बाईने तीस वर्षे उकिरडा सांभाळला, आळे करून वेल चढवले, राखेने मावा घालवला, तिच्या हातात मुलाच्या वयाचा शिक्का असलेले पुस्तक देताना आपणच ओशाळायला हवे. पुस्तकाला खाकी कव्हर घाला आणि वर गटाचे नाव लिहा. ‘उल्लास’ या २०२२ पासूनच्या साक्षरता कार्यक्रमातून आलेल्या वाचकांची गोष्ट मुलांच्या उलट असते : अक्षर हळू लागते आणि अर्थ झटकन. ‘पालापा…’ एवढे वाचले की पुढचे ‘चोळा’ त्यांना पाहावेच लागत नाही. म्हणून ओळखीच्या कामावरचे प्रकरण आधी घ्या. माझी सूचना अशी, की न्हाणीच्या सांडपाण्याचे प्रकरण पहिले असावे, कारण शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) हा शब्द आणि ती वस्तू मराठवाड्यातल्या बायकांना नांदेडकडच्या गावांमुळे आणि ग्रामपंचायतीच्या कामांमुळे ऐकून तरी माहीत असते. फुलपाखरांचे सर्वांत शेवटी.

वेळेचे म्हणाल तर मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा वेग धरा. अर्ध्या तासाच्या बैठकीत निम्मा वेळ वाचन आणि निम्मा बोलणे असे चालले तर एका वेळी दोन-अडीच पाने होतात. पूर्ण पुस्तक करायचे तर सात-आठ महिने लागतील, पण पूर्ण करण्याची गरज नाही. पाणी, खत आणि भाजीपाला ही तीन प्रकरणे निवडली तर तीन महिने पुरेत. एकीने वाचावे, बाकीच्यांनी आपापल्या पुस्तकात बोट ठेवून पाहावे, मग पुढच्या परिच्छेदाला दुसरी. अक्षर बारीक असेल तर मोठ्या आकारात झेरॉक्स काढा. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना संध्याकाळच्या उजेडात लहान टाइप वाचता येत नाही, आणि तो दोष आपण उगाच त्यांच्या वाचनाला लावतो. बसायचे ते उजेड असताना, पाच वाजता.

पुस्तक आणि त्यांचा अनुभव जुळणार नाहीत अशी जागा खताच्या प्रकरणात येईल. पुस्तक म्हणते ढीग दर आठवड्याला हलवा, दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. त्या म्हणतील, आमचा उकिरडा वर्षभर न हलवता राहतो आणि उन्हाळ्यात गाडी भरून रानात जातो. दोन्ही खरे आहे : हलवल्याने आत हवा जाते आणि कुजणे लवकर होते, न हलवता ते सावकाश होते. त्या जागी समासात त्यांनी आपले म्हणणे पेन्सिलीने लिहावे, कितीही वेडेवाकडे अक्षर आले तरी, आणि खाली महिना घालावा.